मोकळ्या कपाळाच्या दोघी

भागीरथी,

तुला जाऊन आज चौथा दिवस. दुखण्याचं आणि दवाखान्याचं मी लिहीत नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यानंतरचा अर्धा तास मात्र तुला माहीत नाही, आणि तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सोमवारी सकाळी काकूंच्या अंगणात माणसं जमली होती. काकू म्हणजे तुझ्या दौंडच्या घरमालकीण. तुला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही, पण लिहिताना माणूस आला की आधी त्याची ओळख द्यावी, असं आपणच पोरींना शिकवत आलो. तर चार बायका तुला आंघोळ घालायला पाणी तापवत होत्या. गल्लीतल्या तिघी आणि चौथ्या काकू. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, की भागीरथी ख्रिस्ती नव्हती, हिंदू होती आणि सोळाव्या वर्षापासून विधवा होती. तिघींनी हातातली भांडी खाली ठेवली आणि त्या घरी गेल्या. काकू स्वतःच्याच घरात होत्या, त्यांना जायला दुसरं घर नव्हतं, म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या.

मी खरं तेच बोलले. ते मी करायला हवं होतं का, एवढंच मला तुला विचारायचं आहे. तू उत्तर देणार नाहीस. जिवंत असतानाही तू सरळ उत्तर क्वचितच द्यायचीस, तेव्हा फार फरक पडला असं म्हणता येणार नाही.

तू शिरूरला आमच्या मिशनच्या बोर्डिंगात आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. मी तुझ्याहून एक वर्षाने लहान, पण तिथंच वाढलेली, त्यामुळे तोऱ्यात. तुझे आबा केंदूरहून तुला घेऊन आले होते. पटका काढून मांडीवर ठेवून ते आमच्या मोठ्या बाईंसमोर बसले होते. म्हणाले, "बाई, हिला शिकवा. घरात ऱ्हायली तर कोपऱ्यात बसून सरंल. भावकी म्हंती, बाटिवत्याल तितं. बाटवा न्हाईतर काय बी करा, पन सातवी करा."

बाई म्हणाल्या, "बाटवायला सवड कुणाला आहे? हिचं गणित किती कच्चं आहे बघा."

तुझ्या अंगावर गडद रंगाचं नऊवारी लुगडं आणि पुढे गाठ मारलेली चोळी होती. हात मोकळे, गळा मोकळा, कपाळ मोकळं. फक्त भुवयांच्या मधोमध गोंदणाचा हिरवा ठिपका होता. कुंकू पुसता येतं, गोंदण पुसता येत नाही. माझ्या आजीच्या कपाळावरही असाच ठिपका होता, बाप्तिस्म्याच्या आधीचा. म्हणून मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. आमच्याकडे चाळीस मुली होत्या आणि चाळीस कपाळं मोकळी होती. एकेचाळिसावं कोण बघतं?

तू मात्र बघत होतीस. पहिल्याच आठवड्यात नळावर मला विचारलंस, "तुमच्यात सवाशीन कंची आन् रांडव कंची, ते वळखायचं कसं?"

"विचारलं की कळतं," मी म्हणाले.

"आन् न्हाईच इचारलं तर?"

"तर नाही कळत."

तू बादली उचललीस आणि निघून गेलीस. मला वाटलं, तुला ही चाल पसंत पडली नाही.

पाचवारी नेसायला तुला माझ्या आईनं शिकवलं. बोर्डिंगात सगळ्या मुली गोलच नेसायच्या आणि बाईंनी तुलाही दोन साड्या दिल्या होत्या. कासोट्याची सवय असलेली तू परकर घालून उभी राहिलीस आणि पाऊल उचलेनास. म्हणालीस, "मामी, दोन पायांत कापड न्हाई. उघडी पडल्यागत वाटतंय. मान्सं चालत्यात तरी कशी ह्याच्यात?" आई म्हणाली, "लहान पाऊल टाक. तुला कुठं नांगरट करायचीय?" ब्लाउजचं तर आणखीच अवघड होतं. हुक लावून झाले तरी तुझी बोटं गाठ शोधायची आणि पुढची दोन्ही टोकं ओढायची. महिनाभर दर शनिवारी आई तुझे तुटलेले हुक शिवत बसायची. अंबाडा गेला, एक वेणी आली. अनवाणी पायांना चपला आल्या, त्यांनी टाचेला फोड आणले. शिकेकाई तेवढी तू सोडली नाहीस. साबणानं केस धुणाऱ्या आम्ही तुझ्या मते केसांच्या वैरिणी होतो.

सातवी झाली, मग ट्रेनिंग झालं, आणि आपल्या दोघींना दौंडला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. खोली शोधत आपण काकूंच्या दारात गेलो तो दिवस मला नीट आठवतो. काकूंनी आपल्याला पायांकडून वर बघायला सुरुवात केली. चपला, पाचवारी, हातातल्या छत्र्या, एकेक वेणी, आणि शेवटी कपाळ. स्वतः त्या हिरव्यागार लुगड्यात, रुपयाएवढं कुंकू लावलेल्या. मेणावर पिंजर, त्या काळी बायका लावायच्या तसं.

"शिरूरच्या मिशनातल्या का गं तुमी? दोगी बी?"

मी हो म्हणाले आणि तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "व्हय."

"मग ऱ्हावा. किरिस्ताव चालत्यात मला. मागची भाडेकरीन तरनी रांडव हुती. सकाळच्या पारी दार उघडलं की तिचं पांढरं कपाळ पुढ्यात. घालवली तिला."

खोलीत सामान टाकल्यावर मी तुझ्याकडे बघत राहिले. तू वळकटी सोडत म्हणालीस, "खोटं न्हाई बोलले मी. मिशनातलीच हाय." आणि हे खरंच होतं. तुझं गणित कच्चं होतं, पण वकिली चांगली जमली असती. एका शब्दावर तू अकरा वर्षं त्या घरात राहिलीस.

पहिला पगार झाला तेव्हा तू पावडरचा डबा घेतलास. सगळ्यांना वाटलं, शिरूरची पोरगी दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या फ्रॉकवाल्या मडमा बघून बिघडली. तू ती पावडर फक्त भुवयांच्या मधे लावायचीस, बोटानं, दोनदा. मग चेहऱ्याला उरलेली, म्हणजे काहीच नाही. पुढं घड्याळ घेतलंस. बांगड्या फुटलेल्या हातात पुन्हा काकणं भरली तर लोक बोलतात, घड्याळ घातलं तर बाई शिकलेली आहे म्हणतात. तू वर्गात शिरताना डावा हात जरा पुढे धरायचीस. मी यावरून तुला खूप चिडवलं आहे, ते आता माफ कर.

त्या वर्षी संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू केलं आणि आपल्याला दोघींनाही बोलावलं. आपल्यापाशी आल्यावर त्यांनी करंडा बाजूला ठेवला. "यांच्यात नसतं," असं शेजारणीला सांगितलं, आणि आपल्याला तिळगूळ, गुलाबपाणी आणि अबोलीचा एकेक गजरा दिला. मी तो हातात धरून बसले, कारण माझ्या आईला नटणं आवडायचं नाही. तू मात्र तिथंच, सगळ्यांसमोर, केसांत माळलास. केंदूरला ज्या बाईला मांडवाच्या मागे बसवायचे, तिला दौंडला बायका म्हणत होत्या, "शोभतोय हं बाई तुम्हाला." त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर रागावले.

सुट्टीत तू केंदूरला जायचीस तेव्हा आधी शिरूरला माझ्या आईकडे उतरायचीस. तुझं लुगडं आमच्या पत्र्याच्या पेटीत असायचं. पाचवारी सोडायची, लुगडं नेसायचं, ओल्या हातानं कपाळ पुसायचं, पदर डोक्यावरून ओढून घ्यायचा. घड्याळ सगळ्यात शेवटी काढायचीस. मग केंदूरकडे जायला तळेगावची एसटी. आठ दिवसांनी उलटा प्रवास. आई एकदा म्हणाली, "भागीरथी, किती दिवस चालायचं हे?" तू म्हणालीस, "पेटीत जागा हाय तवर." आई हसली. मला हसू आलं नाही.

माझं लग्न होऊन मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले, आणि आपलं भांडण खरं तर तिथून सुरू झालं. बाजारात एकीनं आपल्याला ऐकू जाईल असं "बाटग्या" म्हटलं होतं. मी उलट बोलले. तू गवारीच्या शेंगा निवडत राहिलीस. घरी आल्यावर मी बोलले.

"तू आमच्या नावावर जगतेस. गजऱ्याला आमची, सुट्टीत त्यांची. आम्हाला कुणी शिवी दिली की तू गवार निवडतेस."

"मग काय करू? कपाळावर लिवून फिरू?"

"एकदा खरं सांगून टाक काकूंना. म्हातारी खाणार आहे का तुला?"

तू पिशवी खाली ठेवलीस. "तुला कुनी इचारलं तर तुजं काय जातंय, येस्तेर? तू म्हनशील, मालक हायेत, रेल्वेत हायेत. झालं. मला इचारलं तर खोली जाती. फूल जातं. सकाळी दारात हुबं ऱ्हाऊन दात घासनं जातं. येवडं समदं एका सवालात जातंय."

"पण ते खोटं आहे."

"आसंल," तू म्हणालीस. "तू खरी ऱ्हा. मला सोस."

हे "मला सोस" मला फार लागलं. मी सोसत नव्हते असं नाही, पण सोसतेय हे तुला दिसावं, असं मला वाटायचं. दोन महिने आपण शाळेत फक्त हजेरीपुरतं बोललो. मग चौथीच्या पोरींनी आपला अबोला ओळखला, तेव्हा लाज वाटून पुन्हा सुरू केलं. भांडण तिथंच अर्धवट राहिलं.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकली नाहीस. तळेगाव ढमढेऱ्याला आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न होतं. त्याआधी एका लग्नात दारातल्या बाईनं माझं कपाळ बघून हळदीकुंकवाचं ताट माझ्यावरून पुढे नेलं होतं, आणि दुसरी पुटपुटली होती, "तरनीताठी हाय बिचारी." नवरा घरी जेवत होता आणि मी बिचारी. म्हणून या वेळी मी पर्समध्ये लाल गंधाची बाटली ठेवली. आता बायका तेच लावतात, बुडवायची काडी झाकणातच असते. तळेगावच्या स्टँडवर एसटीतून उतरल्यावर मी तुझ्या आरशात बघून कपाळावर टिकली काढली.

तू आरसा धरून उभी होतीस. तुझा पदर खाली पडेपर्यंत तू हसलीस. "किरिस्तावनीला कुकू?"

मी म्हणाले, "लोक विधवा समजतात गं. मला नाही सहन होत."

तुझं हसू थांबलं. पदर उचलून खांद्यावर घेतलास आणि म्हणालीस, "व्हय. मला बी न्हाई."

तुझ्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तू पुढे चालायला लागलीस. मी रुमालानं ती टिकली पुसायला हवी होती, किंवा निदान म्हणायला हवं होतं की भागीरथी, तू जिंकलीस. मी दोन्ही केलं नाही. टिकली लावून मांडवात गेले, आणि ताट माझ्यापुढे थांबलं. तू माझ्या शेजारी बसून बुंदी खात होतीस.

त्यानंतर मी तुला खरं सांग म्हणाले नाही. पण मनातून ते गेलंही नाही. एखाद्या माणसानं आपल्याला बोलण्यात हरवलं की आपण त्याला पटकन क्षमा करत नाही.

सोमवारी तुझा दादा आणि भावजय जीपमधून आले. तुझी भावजय पाचवारी नेसून आली होती, हुकाच्या ब्लाउजवर. आपल्या शाळेतल्या आया गोल नेसतात, काकूंची सून नेसते, आणि आता केंदूरची घरंही बदलली. तू ज्यासाठी आमच्या पेटीशी इतकी वर्षं येरझाऱ्या घातल्यास, त्यातलं कापड तुला गेली दोन-तीन वर्षं लपवायची गरजच नव्हती. हे तुला कळलं होतं का? कळलं असलं तरी उपयोग नव्हता म्हणा. लुगडं गेलं, चोळी गेली, अंबाडा गेला, मेणही गेलं. कपाळाचा कायदा तेवढा तसाच राहिला.

ते दोघं यायच्या आधीच काकूंच्या मुलानं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावून आणलं होतं. त्याचं काही चुकलं नाही. ख्रिस्ती बाई वारली तर पाळकांना बोलवावं, एवढं त्या मुलाला समजत होतं. साहेबांनी मंडळीची वही बघितली असणार. ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "एस्तेरबाई, या आपल्या मंडळीतल्या होत्या का? मला नाव सापडलं नाही."

तेव्हा मी सांगितलं.

काकू आत जाताना माझ्यासमोर थांबल्या. "किरिस्ताव असती तर चाललं असतं गं," म्हणाल्या. "अकरा वर्सं सकाळी हिचं त्वांड बघून मी दार उघडलं." त्या अकरा वर्षांत त्यांच्या घरात दोन नातू झाले, मुलाला नोकरी लागली आणि कुणाला साधं पडसं सोडून आजार झाला नाही. हे मला सुचलं, पण मी बोलले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझ्यासाठी होतं की स्वतःसाठी, मला कळलं नाही.

तुला आंघोळ तुझ्या भावजयीनं आणि मी घातली. कपाळ धुतल्यावर गोंदणाचा ठिपका दिसला आणि तुझी भावजय म्हणाली, "वन्सं आता वन्संवानी दिसाय लागल्या." दादानं माहेरचं म्हणून पांढरं नऊवारी आणलं होतं. ते नेसवायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मला नऊवारी कधी येत नव्हतं, आणि तिच्या हाताची सवय मोडली होती. शेवटी आम्ही ते गोलच नेसवलं. निऱ्या इतक्या झाल्या की मुठीत मावेनात. तू असतीस तर आम्हाला दोघींना बाजूला सारून म्हणाली असतीस, सरा, मी नेसते.

मग दादा तुला भीमेवर घेऊन गेला. पाळकसाहेब चपला काढून फाटकापर्यंत चालत गेले आणि उभे राहिले. गल्लीतली दारं बंद होती. शाळेतल्या सात-आठ मुली तेवढ्या रांग करून आल्या होत्या, रिबिनी बांधून, तू शिकवल्यास तशा.

रडायला मला मंगळवारी आलं. स्वयंपाक करताना आलं आणि बराच वेळ थांबलं नाही. तुझ्यामुळे मला दौंडला कधी एकटं वाटलं नाही, माझ्या पहिल्या बाळंतपणात तू पंधरा दिवस माझे केस विंचरलेस, आणि मी तुझी कधी आभारी झाले नाही, कारण मी सोसणारी होते ना. आभार मानायचे ते तूच, असं धरून चालले होते.

माझे मालक म्हणाले, "तू काय करणार? मयताच्या दारात पाळकांशी खोटं बोलायचं होतं का? तुझा इलाज नव्हता." शाळेतल्या मोठ्या बाई हेच म्हणाल्या. शिरूरहून आईचं पत्र आलं, त्यातही हेच आहे. तीन दिवस मी सगळ्यांना हीच हकीकत सांगते आहे आणि सगळे मान हलवतात.

त्यांना मी एक गोष्ट सांगितलेली नाही, ती तुला सांगते. मी जे बोलले ते वर्गातल्या आवाजात बोलले, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा. अंगणातल्या त्या चौघी चुलीपाशी होत्या, चांगल्या लांब. पाळकसाहेब माझ्या अगदी शेजारी उभे होते आणि त्यांनी हळू विचारलं होतं. मी हळू सांगितलं असतं, तरी त्यांना ऐकू आलं असतं.